दोन्ही डब्यांना गुण

माझ्या भावाला, तेजसला, देवाने अक्कल भरपूर दिली आहे, फक्त तोंड कधी बंद ठेवावं हे सांगायचं राहून गेलं.

फेब्रुवारीत टर्फवर क्रिकेट खेळताना त्याचा घोटा मुरगळला. पाऊल पपईएवढं सुजलं. आमच्या बाबांची थोरली बहीण, पुतळा आत्या, चार दिवस सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने त्याला तिचं मलम चोळत बसली. पाचव्या दिवशी साहेबांनी महाप्याच्या ऑफिसला जायला बूट चढवले आणि लेस बांधता बांधता म्हणाले, "तसं काय आहे ना आत्या, सूज अशीपण चार दिवसांत उतरतेच."

आत्याच्या हातात चहाचा कप होता. तिने तो खाली ठेवला. तेजस "बाय" म्हणून निघून गेला आणि मी मात्र त्या कपासमोर अडकले.

आत्याचं घर घणसोली गावात, आमच्याच गल्लीत. वरच्या तीन मजल्यांवर भाडेकरू आणि खाली ओट्यावर सुजलेले पाय. चाळीस वर्षं हे चालू आहे. कोणाचा घोटा, कोणाचं मनगट, कोणाचा गुडघा. ती पैसा घेत नाही, नारळ घेत नाही. कोणी केळी ठेवून गेलं तर वरच्या भाडेकरणीच्या पोरांना वाटून टाकते. तिला मूलबाळ नाही आणि काका जाऊन वीस वर्षं झाली. सकाळी ओट्यावर कोणीतरी पाय पुढे करून बसलेलं असतं म्हणून ती उठते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तेजसलाही ठाऊक असायला हवं होतं, पण त्याचं मी वर सांगितलंच.

"स्नेहल," आत्या म्हणाली, "तुज्या कालेजान औषधांची परीक्षा घेतान ना?"

"घेतात. का?"

"माज्या मलमाची घे. पास झाला तर त्या पोराला माज्या समोर आनून उभा कर. नापास झाला तर मी पाला वाटाचा पाटा उभा करून ठेवीन. परत कोनाच्या पायाला हात लावाची नाय."

मी हसले. ती हसली नाही. तेव्हा मीही थांबले.

मी एम. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझा प्रोजेक्ट तीन महिने गोळीच्या वेष्टनापाशी अडकून पडला होता. गाइड जागृती मॅडमना हा नवा विषय सांगितला तर त्या आनंदाने खुर्चीतून उठल्याच. बाईंना माणसांवरच्या चाचण्यांची फार हौस. कॉलेजच्या नीतिमत्ता समितीची परवानगी, संमतीपत्रं, सगळं त्यांनी धावपळ करून मिळवलं. मला फक्त एक फॉर्म भरायचा होता. त्यातल्या पहिल्याच रकान्यात मी आपटले.

"आत्या, मलमात काय काय घालतेस?"

"तिलाचा तेल. मेन. आंबेहलद. आनि पाला."

"कसला पाला?"

"हिरवा."

झाडाचं नाव घेतलं की औषधाचा गुण जातो, असं तिच्या सासूने तिला सांगितलेलं. आता गंमत अशी, की आत्या दर मंगळवारी भरदिवसा, सगळ्या गावादेखत, रेल्वेच्या भिंतीकडेच्या झुडपांतून तो पाला पिशवी भरून आणते. गल्लीतल्या शेंबड्या पोराला तो कशाचा ते माहीत आहे. मला माहीत होतं. पण फॉर्मवर औषध बनवणाऱ्या व्यक्तीने स्वतः सांगितलेलं नाव हवं होतं, आणि मी स्वभावाने चिडकी असले तरी फॉर्मच्या बाबतीत प्रामाणिक आहे. अर्धा तास डोकं आपटल्यावर मी वैतागून म्हटलं, "काकांचं नाव कसं घ्यायचीस? उखाण्यातच ना? मग हिचंही उखाण्यात घे!"

आत्याने विचार केला. मग तिने पदर सारखा केला, मान थोडी वाकडी केली, आणि अडुसष्टाव्या वर्षी चक्क लाजली.

"ताटान मीठ वारते, वर लिंबाची फोडी,
सूज बघून पलते जिला, ती माजी निरगुडी."

"घेतलंस की नाव!"

"नाव नाय घेतला. उखाना घेतला."

मी रकान्यात निर्गुडीचं लॅटिन नाव लिहिलं. आत्या चष्म्यातून वाकून बघत होती. "यो काय लिवलास?"

"तिचं माहेरचं नाव."

हे तिला पटलं. पुढचा रकाना मात्र आम्हा दोघींना महागात पडणार होता. कुठल्याही औषधाची खरी परीक्षा घ्यायची तर शेजारी खोटं औषध लागतं. अर्ध्या लोकांना खरं द्यायचं, अर्ध्यांना खोटं, कोणालाच कळू द्यायचं नाही, आणि शेवटी बघायचं की खऱ्याने जास्त सूज उतरली का. नाहीतर तेजससारखे लोक म्हणणार, उतरणारच होती. हे सगळं मी आत्याला तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून सांगितलं.

"दिसायला तेच, वासाला जमेल तितकं तेच, पण पाला नाही आणि हळद नाही."

"मंग मलम कशाचा?"

"नुसतं."

"नुसता म्हंजे काय? पोलीला पीठ नाय, नुसती पोली?"

"आत्या, बारा जणांना खरं, बारा जणांना खोटं. एवढंच."

"आनि ती खोटेवाली बारा जना काय करतील?"

"काय करणार? दहा दिवस चोळतील."

तिने फळीवरची कढई खाली काढली. मग म्हणाली, "बरा. दोनी मीच बनवते. माजा तेल, माजी कढई. मंग वास बी सारका येल."

इथेच मला शंका यायला हवी होती. आत्या कुठल्याही गोष्टीला एका फटक्यात बरं म्हणत नाही. भाजीवाल्याने दोन रुपये कमी केले तरी ती आधी नाही म्हणते. पण मला घाई होती आणि समितीने दिलेली तारीख जवळ आली होती.

आत्याने दोन पातेली भरून मलम दिलं. एकावर खडूने फुली केलेली, ते खोटं. जागृती मॅडमनी दुसऱ्या एका बाईंकडून ते चोवीस डब्यांत भरून घेतलं, डब्यांना नंबर लावले आणि कुठल्या नंबरात काय आहे त्याची यादी स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवली. मला माहीत नाही, पेशंटना माहीत नाही. सगळं एकदम शास्त्रशुद्ध.

पेशंटना घणसोलीत काय तोटा? इथे निम्म्या लोकांची नोकरीच उभं राहायची आहे. टॉवरखालचे वॉचमन, पार्लरमधल्या मुली, टेम्पोवर माल चढवणारे, पोळीभाजी केंद्रातल्या बायका. प्रत्येकाच्या घोट्याभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यात टेप फिरवून माप घ्यायचं, दहा दिवस डबीतलं मलम लावायला सांगायचं, आणि पुन्हा माप घ्यायचं. मी एप्रिलभर लोकांच्या पायाशी बसले होते. लग्नात नवरदेवाच्या पायाशी बसावं लागलं तर मला आता काही वाटणार नाही.

शेवटच्या पेशंटचे दहा दिवस संपल्यावर मॅडमनी कपाट उघडलं.

खऱ्या मलमाच्या गटाची सूज सरासरी अकरा मिलीमीटर उतरली होती. मी टाळी वाजवायला हात उचलले.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "खोट्याच्या गटाची, अकरा."

"मिलीमीटर?"

"नाही, किलोमीटर." मॅडम चिडल्या की अशा बोलतात. मग त्यांनी चष्मा काढला. "स्नेहल, फरक शून्य. म्हणजे पाल्यात काही नाही. सूज अशीच उतरते, किंवा चोळल्याने उतरते. सॉरी."

रिक्षात मी वाक्यं जुळवत होते. 'आत्या, चाचणी लहान होती.' 'आत्या, शास्त्राला सगळंच कळत नाही.' एकही धड वाटेना. मला त्या ओट्यावर कोणी बसलेलं नाही आणि आत्या आत टीव्हीसमोर बसली आहे असं दिसायला लागलं आणि माझे डोळे भरून आले. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "मॅडम, धूल गई क्या आँख में?" मी त्याच्यावरही खेकसले.

आत्या ओट्यावर पाला निवडत होती.

"लागला निकाल?"

"लागला." मी तिच्या शेजारी बसले. "आत्या, दोन्ही गटांची सूज सारखीच उतरली. अकरा आणि अकरा."

तिचा चेहरा असा उजळला की मला काही कळेना.

"म्हंजे दोनी डब्यांना गुन आला?"

"हो, पण..."

"मंग पास! च्योवीसच्या च्योवीस पास! कोना एकाला बी कमी नाय!" तिने पाल्याच्या दोन्ही मुठी वर केल्या. "मना वाटलाच व्हता, जास्त घातला तर जास्त गुन येल."

"कशात जास्त घातलं?"

ती खाली मान घालून परत पाला निवडायला लागली.

"आत्या. फुलीच्या पातेल्यात काय होतं?"

"ओरडू नको. भाडेकरू ऐकतान."

"काय होतं?"

तिने एक काडी उचलली, टाकली, परत उचलली. "मी ठेवली व्हती कढई नुसत्या तेलाची. तुजी शप्पत. तेल उकलत रायला, मी बघत रायली. मना वाटला, यो कोनाच्या पायाला जाल? त्या पोलीभाजीवाल्या राहीबाईच्या? ती बाई पाच वाजता उठून दोनशे पोल्या लाटते. मंग दोन मुठी घातला. मंग वाटला, दोन मुठीनी काय व्हतंय."

"मग?"

"मंग पुरा घातला. उलट जराक जास्तच. त्यांना फसवाचा व्हता ना, म्हून."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरणीने वाकून बघितलं आणि खिडकी लावून घेतली. माझे दोन महिने गेले. समितीला काय सांगायचं? प्रोजेक्टला शंभर गुण होते, त्यातला एक तरी आता मिळणार होता का?

"गुन मिलतान?" आत्याने मध्येच विचारलं. "तुमच्यान गुन देतान?"

"देतात!"

"दिलेला गुन काय कामाचा? गुन यावा लागतो."

मी डोकं धरून बसले. शेवटी राग संपला, तेव्हा तिला सावकाश समजावलं. आता औषध खरं का खोटं हे कोणालाच सांगता येणार नाही. तेजस म्हणेल, चोवीसही जणांची आपोआप उतरली. आणि त्याला खोडून काढायला आपल्याकडे काहीच नाही.

आत्याने हे सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे मी नापास नाय," ती म्हणाली, "पन पास बी नाय."

"हो."

ती उठली. आत गेली. पाटा धुतला, पुसला आणि भिंतीला उभा टेकवला. "परत घे परीक्षा. खोटा मात्र तू बनव, माज्या घरान नको. निकाल लागंपर्यंत यो असाच रेल."

जागृती मॅडमनी सगळं ऐकलं आणि हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "हे सगळं जसंच्या तसं समितीला लिहून दे." समितीने ताकीद दिली आणि परत परवानगी दिली. खरं मलम फुली नसलेल्या पातेल्यातलं उरलेलं होतं. खोटं मी कॉलेजात बनवलं. तेल, मेण, रंगासाठी पालकाचा रस आणि वासासाठी निलगिरीचे थेंब. दिसायला इतकं झकास झालं की लॅबमधल्या शिपायाने गुडघ्याला लावून पाहिलं.

पेशंट नवे चोवीस. त्यांत शेजारच्या टॉवरचा वॉचमन सदू होता, मूळचा परभणीकडचा. बारा तास गेटवर उभा राहून त्याचा उजवा पाय असा झाला होता की चप्पल घातली की पट्टा तुटायचा. संमतीपत्र मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. "मला निष्क्रिय मलम मिळू शकते, याची मला जाणीव आहे."

"निष्क्रिय म्हंजी?"

"दिसायला असतं, पण काम करत नाही."

"आमच्या सुपरवायझरवानी," सदू म्हणाला आणि सही करून मोकळा झाला.

ते दहा दिवस मला आठवले तरी कसंतरी होतं. ओट्यावर लोक यायचे. आत्या दारातूनच सांगायची, "परीक्षा चालू हाय. निकालानंतर या." कोणी लंगडत परत गेलं की ती गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्या पायाकडे बघत राहायची. मग आत येऊन टीव्ही लावायची आणि मालिकेतल्या सासूला शिव्या द्यायची. हात सारखे मांडीवर चोळत असायची. एकदा मी गेले तर ती नुसती बसली होती, टीव्ही बंद, समोर उभा पाटा. मला म्हणाली, "स्नेहल, खराच नसला गुन तर? चालीस वर्सं मी लोकांना पाला लावत बसली आसंन तर?"

मी शास्त्राची विद्यार्थिनी. मी म्हणायला हवं होतं, 'तर तेही कळलेलं बरं.' मी म्हटलं, "चहा टाकू?" आणि त्यानंतर रोज सकाळी कॉलेजला जाताना मी रेल्वेच्या भिंतीकडच्या त्या झुडपाला मनातल्या मनात सांगायचे, बाई, लाज राख.

अकराव्या दिवशी मॅडमनी कपाट उघडलं. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.

"खरं मलम, बारा मिलीमीटर," त्या म्हणाल्या.

"आणि?"

"पाच."

मी वळले. मॅडम लगेच म्हणाल्या की चोवीस माणसं म्हणजे फार नव्हेत, यावर कोणी जग जिंकत नाही, अजून पुष्कळ करायला हवं. सगळं खरं होतं. मी त्यांना मिठी मारली. पाच मिलीमीटर सूज पालकावरच उतरली, म्हणजे तेजस अर्धा बरोबर होता. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

त्याला मात्र मी फोन करून ऑफिसातून बोलावून घेतलं आणि आत्यासमोर उभा केला. "बोल," मी म्हटलं.

"सॉरी आत्या," तो म्हणाला. "तुझं मलम एक नंबर आहे. स्टॅटिस्टिकली."

आत्याने त्याच्याकडे बघितलंही नाही. "किती उतरली?" तिने मला विचारलं.

"बारा. पास झालीस तू, आत्या. चांगल्या गुणांनी!"

"आनि दुसऱ्या बारा जनांची?"

"पाचच." मी आनंदाने सांगितलं. "पाचच, म्हणून तर तू पास!"

तिचा चेहरा पडला. मला वाटलं, तिला कळलं नाही, म्हणून मी परत समजावायला लागले. तिने हात वर करून मला थांबवलं.

"म्हंजे माज्या मलमान गुन हाय. बरोबर?"

"बरोबर."

"आनि तो बारा जनांना दिला नाय. धा दिवस त्यांची सूज अंगावर ठेवली. माज्या परीक्षेसाठी."

"आत्या, त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी सह्या केल्यात."

"सही हाताने केली. सूज पायाला व्हती." ती उठली. "त्यांची नावा दे."

अभ्यास संपल्यावर कोणाला काय मिळालं ते सांगायचंच असतं, त्यामुळे यादी देण्यात काही गैर नव्हतं. पण मी सांगणार होते फोनवर मेसेज टाकून. आत्याने पाटा आडवा केला. तेजसला पाला आणायला पिटाळलं आणि तो ऑफिसच्या बुटांनी रेल्वेच्या भिंतीकडे पळाला. दुपारभर वाटणं, उकळणं, गाळणं. संध्याकाळी पिशवीत बारा डब्या घालून ती निघाली आणि यादी घेऊन मी तिच्या मागे.

पहिलं नाव सदूचं होतं. तो गेटवर रजिस्टर घेऊन उभा होता. आम्हाला बघून त्याने पाय उचलून दाखवला.

"आत्या, लई भारी औषध तुमचं! बगा, चप्पल आत जायली. सूज निम्मी बी नाय रायली. कायबी दुखत नाय."

मी आत्याकडे बघितलं नाही. माझी हिंमतच झाली नाही. पालक आणि मेण. दहा दिवस.

"सदू," आत्या म्हणाली, "तुना दिला तो औषध नव्हता. खोटा व्हता. मी फसवला तुना."

सदू माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. "ते निष्क्रिय," मी म्हटलं. "तुम्ही सही केली होती ना, ते."

"पण मला तर गुण आलाय," सदू म्हणाला. तो जरा गोंधळला होता, आणि थोडा दुखावलाही होता, जणू आम्ही त्याचा बरा झालेला पाय परत मागायला आलो होतो. "आता दुखतच नाय, आत्या. ऱ्हाऊ द्या."

एक गाडी हॉर्न देत गेटशी आली. सदूने दांडा वर केला, गाडी सोडली, दांडा खाली आणला. तोपर्यंत आत्या त्याच्या केबिनच्या पायरीवर पदर खोचून बसली होती आणि तिने डबीचं झाकण काढलं होतं.

"तुना नाय दुखत," ती म्हणाली. "मना दुखतं. पाय पुढं कर."

सदूने चप्पल काढली आणि पाय पुढे केला. मी यादी खिशात ठेवली आणि डबी धरायला खाली बसले.